राखाडी सूट, हिरवा सूट आणि आम्ही दोघी

आमच्या घरात सिनेमा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक एखाद्या लांबच्या मामासारखा वावरत आलाय. १९८६ साली लग्न झालं आणि दुसऱ्याच महिन्यात ह्यांनी मला लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये 'व्हर्टिगो' दाखवायला नेलं. बाहेर पडल्यावर हे त्या गरगरणाऱ्या जिन्याबद्दल बोलत सुटले. मी मध्येच विचारलं, "त्या बाईच्या जॅकेटला मुंढ्यात एकसुद्धा सुरकुती कशी नाही हो?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण भलत्याच मुलीला होकार दिला की काय!

माझाही इलाज नव्हता. पुढे पस्तीस वर्षं मी सदाशिव पेठेत ब्लाउज शिवले. सिनेमा बघताना माझं लक्ष आधी बाहीकडे जातं, मग बाईकडे. दिग्दर्शकाकडे गेलं तर गेलं.

यंदा सप्टेंबरात नणंदेकडे, कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला जायचं ठरलं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे मी एकटीच. निघताना ह्यांनी चार पानी यादी हातात दिली. हिचकॉकनं कुठेकुठे कॅमेरा लावला होता, त्या जागांची. माझी नणंद सुनीता गेल्या वर्षी निवृत्त झाली आणि तिला गाडी काढायला निमित्तच हवं असतं. मात्र जुने इंग्रजी सिनेमे म्हटले की ती जांभया देते.

"दादाचं खूळ तुलाही लागलं का गं, वहिनी?"

मी म्हटलं, यादी त्यांची असली तरी मला त्या जागी उभ्या राहिलेल्या बायका बघायच्यात.

"मग चल," म्हणाली. "पण चहा थर्मासमधून न्यायचा. इथला मला चालत नाही." चौतीस वर्षं झाली तिला तिथे.

पहिला दिवस : साराटोगा

यादीत साराटोगा नव्हतंच. ते मी घातलं. सुनीताच्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटं. टेकड्यांच्या पायथ्याशी एक छोटी बाजारपेठ, झाडांत दडलेली बंगल्यांची वस्ती. सुनीता या रस्त्यानं वर्षानुवर्षं ये-जा करते आणि 'रिबेका'ची नायिका याच गावात वाढली हे तिला माहीत नव्हतं.

जोन फाँटेन. जन्म १९१७ चा, टोकियोतला. आईवडील इंग्रज. आई दोन्ही मुलींना घेऊन इकडे आली आणि साराटोगात राहिली. थोरली ऑलिव्हिया डी हॅविलंड, धाकटी जोन. थोरलीनं वडिलांचं आडनाव सिनेमात नेलं, म्हणून धाकटीनं सावत्र वडिलांचं लावलं. म्हणजे स्वतःचं नाव लावायचीसुद्धा तिला सोय नव्हती. आणि मिळालेली पहिली मोठी भूमिका कुठली, तर अख्ख्या सिनेमात जिला नावच नाही अशा बाईची!

'रिबेका' १९४० चा. नायक म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिए. त्याला आपल्याबरोबर आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती आणि ते त्यानं लपवलं नाही. हिचकॉकनं त्यात भर घातली. जोननं पुढे सांगितलंय, की सेटवर तू कुणालाच आवडत नाहीस असं तो तिला सांगत राहिला. बुजरी, धास्तावलेली बाई हवी होती ना, मग खरोखरच धास्तावलेली करून टाकली. पोरगी बावीशीच्या आतबाहेर.

त्या सिनेमात एक प्रसंग आहे. घरात मेजवानी आहे. भिंतीवरच्या जुन्या चित्रातल्या बाईसारखा झगा ती मोठ्या हौसेनं शिवून घेते, जिन्यावरून उतरते आणि नवरा तिच्यावर खेकसतो. कारण मेलेल्या पहिल्या बायकोनंही हाच झगा घातला होता. मी तो प्रसंग जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला शिवणाऱ्या बाईची दया येते. एवढं घेरदार काम, आणि पाच मिनिटांत उतरवून फेकायचं.

बाजारपेठेत एका बाकावर बसून मी हे सगळं सुनीताला सांगितलं. पुढच्याच वर्षी 'सस्पिशन' आला आणि जोनला ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या सिनेमातल्या अभिनयाला मिळालेलं हे एकमेव ऑस्कर. त्या वर्षी त्याच पारितोषिकासाठी सख्खी बहीण ऑलिव्हियाचंही नाव होतं. दोघींत आधीच आडवा विस्तव जात नव्हता.

"एकाच घरातल्या दोघी?" सुनीता म्हणाली. "आई कुणाकडे बघून हसली असेल त्या रात्री?"

ऑलिव्हियाचं आणखी एक सांगायलाच हवं. ती हिचकॉकची नायिका नव्हे, पण पुढे बोडेगाला मला तिची आठवण झाली. तेव्हाचे स्टुडिओ नटनट्यांना सात वर्षांच्या करारानं बांधून घ्यायचे. काम नाकारलं तर ते दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे सातची आठ, आठची नऊ. ऑलिव्हिया कोर्टात गेली आणि १९४४ साली जिंकली. सात म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. वाढीव दिवस नाहीत. तो कायदा तिकडे अजून तिच्या नावानं ओळखतात.

घरी येऊन ह्यांना फोन केला. "साराटोगात हिचकॉकनं काय शूट केलं?" हे म्हणाले. मी म्हटलं, काहीच नाही.

दुसरा दिवस : सॅन फ्रान्सिस्को

आज ह्यांची दीड पानं एकदम. सकाळी सातला निघालो, २८० नंबरचा हायवे धरला. क्युपर्टिनोत ऊन, आणि शहर जवळ आलं तसं धुकं असं काही उतरलं की मी बॅगेतली शाल काढली. सप्टेंबरातली शाल बघून सुनीता हसली नाही. तिच्याकडे स्वतःचा स्वेटर, मफलर सगळं तयार होतं.

पहिला थांबा नॉब हिल. ब्रॉकलबँक नावाची जुनी, भारदस्त इमारत. इथून 'व्हर्टिगो'ची नायिका मॅडलीन हिरव्या जॅग्वारमधून बाहेर पडते आणि नायक जेम्स स्टुअर्ट तिच्या मागे मागे. चढ इतका उभा, की गाडी लावून उतरताना दार आपोआप अंगावर येत होतं. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि तो राखाडी सूट डोळ्यांसमोर आणला.

त्या सूटची गोष्ट मला ह्यांच्या जिन्यापेक्षा मोठी वाटते. ही भूमिका आधी वेरा माइल्सची होती. तिच्यावर कपड्यांच्या चाचण्याही झाल्या होत्या. मग तिला दिवस गेले आणि काम गेलं किम नोव्हाककडे. किमचं खरं नाव मॅरिलिन. शिकागोची मुलगी, चेक वंशाची. स्टुडिओच्या मालकाला तिचं आडनावसुद्धा बदलायचं होतं, पण तिनं नोव्हाक सोडलं नाही. मॅरिलिन मात्र सोडावं लागलं. एक मॅरिलिन तेव्हा आधीच गाजत होती.

कपडे करणारी इडिथ हेड. ही आमच्या धंद्यातली देवी. किमनं तिला सांगितलं, की कुठलाही रंग दे, राखाडी नको, आणि काळे बूट तर नकोतच. इडिथनं निरोप हिचकॉकला दिला. तो म्हणाला, राखाडीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यातून नुकतीच बाहेर आल्यासारखी दिसायला हवी. नॉब हिलवर ते धुकं नाकातोंडात जात असताना मला कबूल करावं लागलं, की रंग बिनचूक होता. सोनेरी केसांच्या गोऱ्या बाईला राखाडी म्हणजे चेहऱ्यावरचं रक्तच पुसून टाकतो. तेच हवं होतं त्याला.

पण माझा मुद्दा पुढचाच आहे. किम नंतर म्हणायची, की तो सूट अंगावर चढला की तिला अवघडल्यासारखं व्हायचं. ताठ, आवळलेलं. मग तिनं तेच अवघडलेपण मॅडलीनला देऊन टाकलं. कारण मॅडलीन हीसुद्धा कुणीतरी घडवलेली, सोंग घेतलेली बाई. आणि ज्यूडी, म्हणजे तीच मुलगी तिच्या खऱ्या रूपात, तेव्हा किमनं आतला आवळ कपडाच घातला नाही. चालच बदलली. ह्याला म्हणतात कापड ओळखणं.

सिनेमाच्या दुसऱ्या भागात स्टुअर्ट त्या ज्यूडीला कपड्यांच्या दुकानात नेतो आणि तोच राखाडी सूट मागतो. एकामागून एक सूट दाखवतात, हा नाही, तो नाही. ती रडकुंडीला येते. माझ्या दुकानात असे नवरे आलेत. एकदा एक जण मोबाइलवर कुठल्याशा नटीचा फोटो घेऊन आला. गळा असाच, बाही अशीच, पाठ एवढीच. बायको गप्प. तो फोन घ्यायला बाहेर गेला तशी ती हळूच म्हणाली, "ताई, आत दाब जास्त ठेवा. नंतर उसवून मोठा करता येईल असा." मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवला. सुनीताला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती सिग्नलला थांबली होती. हिरवा झाला तरी तिची गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न वाजवला.

मग सटर स्ट्रीट, जिथे ज्यूडी राहते ते हॉटेल. त्याची पाटी कितीदा तरी बदलली. काही वर्षं तर त्यानं सिनेमाचंच नाव लावलं होतं. हिरव्या निऑनच्या उजेडात ती न्हाणीघरातून बाहेर येते, केसांचा अंबाडा घातलेली, पुरती मॅडलीन झालेली. तो प्रसंग इथला म्हणायचा, पण उजेड स्टुडिओतला.

लोम्बार्ड स्ट्रीटवरचं स्टुअर्टचं घर आम्ही गाडीतूनच पाहिलं. दर्शनी भाग ओळखू येत नाही. ह्यांच्यासाठी फोटो काढला.

दुपारी लिजन ऑफ ऑनर. हे संग्रहालय मला फार आवडलं. अंगणात रोदँचा विचारमग्न पुतळा, मागे समुद्र. मॅडलीन इथे कार्लोटा नावाच्या, कधीच्याच मेलेल्या बाईच्या चित्रासमोर बसलेली असते. मांडीशेजारी पुष्पगुच्छ, डोक्यावर चित्रातल्यासारखाच वळसेदार अंबाडा. ते चित्र मात्र संग्रहालयाचं कधीच नव्हतं. सिनेमापुरतं रंगवून आणलेलं. मी दालनात दहा मिनिटं बाकावर पाठ ताठ ठेवून बसले. बसवत नाही. कंबर भरून येते. किमनं किती वेळ काढले असतील देव जाणे.

मिशन डोलोरेस या जुन्या स्पॅनिश चर्चचं कब्रस्तान छोटंसं, गुलाबांचं. मिशन १७७६ चं. शूटिंगनंतर कार्लोटाच्या नावाचा खोटा दगड काही वर्षं तिथेच राहिला होता म्हणतात. पुढे तो हलवला. खऱ्या मेलेल्यांमध्ये खोटीचं थडगं कशाला, हे बरोबरच आहे.

शेवटी फोर्ट पॉइंट. गोल्डन गेट पुलाच्या पोटाखाली, विटांचा जुना किल्ला. लाटा दगडांवर आपटून अंगावर येत होत्या. मॅडलीन फुलं पाण्यात टाकते आणि पाठोपाठ स्वतः उडी घेते ती इथेच, आता जिथे साखळ्यांचं कुंपण आहे. पाण्यातला बराच भाग स्टुडिओच्या टाकीत केलेला. तरी या वाऱ्यात त्या घट्ट कपड्यांत उभं राहणंसुद्धा नोकरीच. आणि पगार? तेव्हा किमला तिच्या स्टुडिओनं दुसऱ्या स्टुडिओला भाड्यानं दिलं होतं. भाड्याची रक्कम तिच्या आठवड्याच्या पगाराच्या कितीतरी पट. हे कळल्यावर ती चक्क कामावर आली नाही. पगार वाढवून घेतला, मग आली.

सुनीतानं थर्मासमधला चहा ओतला. "पुढे काय झालं तिचं?"

मी सांगितलं. सिनेमा सोडून ओरेगनला गेली. घोडे पाळले, चित्रं काढली. ज्या सिनेमाला पहिल्यांदा कुणी विशेष डोक्यावर घेतलं नाही, तो २०१२ साली ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांच्या मतदानात जगात पहिला आला.

"आणि सूट?"

हा प्रश्न ह्यांनी चाळीस वर्षांत एकदाही विचारला नाही.

तिसरा दिवस : सांता रोझा, बोडेगा

गोल्डन गेट ओलांडून उत्तरेला दीड तास. सांता रोझाचं जुनं रेल्वे स्टेशन काळसर दगडाचं, बुटकं, नीटस. अंकल चार्ली या स्टेशनवर उतरतो आणि त्याच्या आगगाडीच्या धुराचा काळाकुट्ट लोट सबंध पडदा झाकून टाकतो. 'शॅडो ऑफ अ डाउट', १९४३. आता शेजारून स्वच्छ हिरव्या-करड्या लोकल जातात, धूर औषधालाही नाही.

भाचीचं काम टेरेसा राइटचं. हिचकॉकच्या सगळ्या बायकांमध्ये मला ही घरातली वाटते. तिला कुणी दुसऱ्या बाईच्या मापात बसवलं नाही. मामावर जीव, मामाचंच नाव, आणि मामा विधवांना मारतो हे एकट्या तिलाच कळलेलं. घरात सांगायची चोरी, कारण आईला सहन होणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत असल्या गोष्टी अशाच गिळल्या जातात, फक्त मामा खुनी नसतो एवढंच.

टेरेसानं स्टुडिओशी केलेला करार मी मैत्रिणींना नेहमी सांगते. त्यात तिनं लिहून घेतलं होतं, की पाण्यात असल्याखेरीज पोहण्याच्या कपड्यांत माझे फोटो काढायचे नाहीत. वाऱ्यावर केस उडवत समुद्रकिनारी मला पळवायचं नाही. आखूड चड्डीत कुत्र्याशी खेळताना फोटो नाहीत. यादी बरीच लांब आहे आणि गमतीदार आहे. वय तेव्हा बाविशी-तेविशीचं. पहिल्या तिन्ही सिनेमांना ऑस्करची नामांकनं, त्यात एक ऑस्कर हातात. त्यामुळे तिचं चाललं. १९४८ मध्ये मात्र प्रसिद्धीच्या दौऱ्यावर जायला तिनं नकार दिला, असं म्हणून मालकानं करार मोडला.

मॅक्डोनल्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिनेमातलं घर अजून आहे. लोक राहतात, म्हणून आम्ही पलीकडच्या फुटपाथवरूनच पाहिलं. या घराचा किस्सा म्हणजे, हिचकॉकला ते जरा रंग उडालेलं, मध्यमवर्गीय वाटलं म्हणून पसंत पडलं. शूटिंग होणार कळल्यावर मालक इतका खूश झाला, की त्यानं सगळं घर नवं रंगवून काढलं! मग सिनेमावाल्यांना ते पुन्हा मळवावं लागलं. मुलगी बघायला येणार म्हणून आमच्या वाड्यात भिंतींना सफेदा लावायचे, त्यातलाच प्रकार.

जेवण उरकून पश्चिमेला वळलो. बोडेगा गाव आत आहे आणि बोडेगा बे समुद्रावर. मध्ये पाचेक मैल. पाखरं माणसांवर तुटून पडतात त्या 'द बर्ड्स' सिनेमात दोन्ही एकच केलंय. पॉटर शाळेची इमारत १८७३ ची, दुमजली, पांढरी. शेजारच्या टेकाडावर पांढरं चर्च. शाळेत आता घर आहे. मी रस्त्यावर उभी राहून मान वर केली आणि नेमका तेव्हाच तारेवर एक कावळा येऊन बसला.

पितृपक्ष चालू होता. पुण्यात ह्या दिवसांत आपण घास ठेवतो आणि कावळा यावा म्हणून वाट बघतो. शिवला तर गेलेल्याचा जीव शांत. इथे मात्र शाळेमागच्या खेळाच्या सांगाड्यावर एक, मग चार, मग शंभर कावळे जमतात. आणि पाठ करून बाकावर सिगारेट ओढत बसलेली नायिका टिप्पी हेड्रन. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरले नव्हतेच. आमच्याकडे कावळा आला नाही तर पंचाईत, त्यांच्याकडे आला तर!

टिप्पीची गोष्ट सुनीतानं गाडी बाजूला घेऊन ऐकली. मिनेसोटाची मुलगी, मॉडेलिंग करणारी, एकटीनं लेक वाढवणारी. १९६१ मध्ये टीव्हीवर आहारपेयाच्या जाहिरातीत दिसली आणि हिचकॉकनं बोलावलं. आठवड्याला ५०० डॉलर, सात वर्षांचा करार. इडिथ हेडनं पडद्यावरचे कपडे केलेच, पण पडद्याबाहेर टिप्पीनं काय घालायचं तेही हिचकॉकच्या पसंतीनं ठरू लागलं. काम पक्कं झालं ते त्यानं एका हॉटेलात जेवायला नेऊन, सोन्यामोत्यांची तीन पाखरांची पिन देऊन सांगितलं.

आणि हिरवा सूट. फिकट, शेवाळी पाण्यासारखा. त्याच्या एकसारख्या बऱ्याच प्रती शिवल्या होत्या, कारण पाखरांनी फाडायचा होता. शिवणारणीला आधीच माहीत असलेलं, की हे फाटणार.

माळ्यावरचा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. तिला सांगितलं होतं की पाखरं यांत्रिक असतील. सेटवर गेली तर पिंजरा बांधलेला आणि जाड चामडी हातमोजे घातलेली माणसं जिवंत पाखरं घेऊन उभी. पाच दिवस ती तिच्या अंगावर फेकली. शेवटी काही पाखरं कपड्यांनाच बांधली. एकानं डोळ्याजवळ ओरखाडा काढला तेव्हा ती सेटवरच कोसळली. डॉक्टरनं आठवडाभर विश्रांती सांगितली.

पुढे १९६४ मध्ये 'मार्नी'. हे काम आधी ग्रेस केलीला विचारलं होतं, पण ती तोवर मोनॅकोची प्रिन्सेस झालेली आणि तिकडून नकार आला. त्या शूटिंगच्या काळात हिचकॉकनं आपल्यावर जबरदस्ती केली आणि नकार दिल्यावर करिअर संपवायची धमकी दिली, असं टिप्पीनं २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिलंय. तो १९८० मध्येच गेला, त्यामुळे त्याची बाजू ऐकायला मिळणार नाही. किम नोव्हाकनं आपल्याला असा अनुभव आला नाही असं सांगितलं, तेही नोंदवायला हवं. पण एकीला आला नाही म्हणून दुसरीला आला नसेल, हे गणित मला पटत नाही. करार होता तोवर तिला दुसरीकडे धड काम मिळालं नाही. साराटोगाची ऑलिव्हिया मला आठवली ती इथे.

सुनीता बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादाला हे माहितीये?"

"वाचलंय त्यांनी. म्हणाले, सिनेमा वेगळा आणि माणूस वेगळा."

"तू काय म्हणालीस?"

"मी भाजी चिरत होते."

रात्री बोडेगा बेला एका साध्याशा मोटेलात उतरलो. न्हाणीघराला पांढरा प्लास्टिकचा पडदा. सुनीतानं आत डोकावलं आणि म्हणाली, "तो एक सिनेमा मात्र मी पाहिलाय." 'सायको'! ती दार सताड उघडं ठेवून आंघोळीला गेली आणि मला बाहेर खुर्चीवर बसवलं.

पडद्यामागे पाणी पडत होतं आणि मी तिला त्या सिनेमात न्हाणीघरात मारल्या जाणाऱ्या जॅनेट लीबद्दल सांगत होते. तो खून १९५९ च्या डिसेंबरात सात दिवस चित्रित होत होता. पडद्यावर मिनिटभरही नाही. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. अंगावर कापडाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या, त्या गरम पाण्यानं सुटायला लागल्या. एका क्षणी तिनं ठरवलं, की सुटली तर सुटली, पण आता हा शॉट पुन्हा द्यायचा नाही. आणि सगळं झाल्यावर, मेलेली जॅनेट किंचित हलते हे एका माणसाच्या नजरेला आलं. अ‍ॅल्मा, हिचकॉकची बायको. नवऱ्याहून एका दिवसानं धाकटी, संकलनात मुरलेली. बाकी सगळे तज्ज्ञ बसलेच होते.

कपड्यांचं सांगते. चोरी करण्याआधी जॅनेटची अंतर्वस्त्रं पांढरी, चोरीनंतर काळी. आणि ती मापानं शिवलेली नव्हती. दुकानातून तयार आणली होती. बघणाऱ्या बाईला वाटावं, ही माझ्यासारखीच. ही अक्कल हिचकॉककडे होती, ते मी नाकारत नाही.

चौथा दिवस : बोडेगा हेड, परत

सकाळी सुळक्यावर गेलो. सिनेमातलं नायकाचं घर याच बाजूला होतं, आता नाही. त्याऐवजी एक तळं आहे, त्याची गोष्ट सिनेमाहून भारी. साठीच्या सुरुवातीला इथे अणुवीज केंद्र होणार होतं. मोठा खड्डा खणूनही झाला. भूकंप घडवणाऱ्या सॅन अँड्रियास भ्रंशाच्या इतकं जवळ बघून लोकांनी विरोध केला आणि १९६४ मध्ये काम सोडून दिलं. खड्ड्यात पाणी साठलं. बदकं पोहत होती.

पाखरांची मूळ कथा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची, पण हिचकॉकला इथलंही एक निमित्त मिळालं होतं. १८ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे सांताक्रूझ-कॅपिटोलाच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रपक्षी घरांवर, दिव्यांच्या खांबांवर आपटून पडले. त्याचं घर तिथून जवळच डोंगरात होतं. त्यानं स्थानिक वर्तमानपत्राला फोन करून माहिती मागवली. पाखरं का वेडी झाली याचा अंदाज कितीतरी वर्षांनी लागला. शेवाळातलं विष माशांत आणि माशांतून पाखरांत गेलेलं. म्हणजे बिचारी आजारी होती.

परतीला सॅन फ्रान्सिस्कोत दोन तास ट्रॅफिक. बाकी काही नाही.

पाचवा दिवस : सॅन हुआन बाउटिस्टा, आणि संध्याकाळ

दक्षिणेला १०१ नंबरच्या हायवेवर गिलरॉय हे लसणाचं गाव लागतं. काचा बंद असूनही गाडीत लसूण. सुनीता म्हणाली, माहेरची फोडणी.

सॅन हुआन बाउटिस्टा म्हणजे मोठं हिरवं चौकोनी मैदान. एका बाजूला १७९७ चं मिशन, त्याची लांबच लांब कमानींची ओसरी, समोर घोड्यांचा तबेला. तबेल्यात गाड्या आहेत, त्यांतल्याच एका बग्गीत बसून मॅडलीन शेवटचं बोलते. गावभर कोंबड्या मोकळ्या फिरतात, देवळात शिरल्यासारख्या ओसरीवर चढतात. आम्ही पायऱ्यांवर डबा उघडला तर एक कोंबडा थेट थालीपिठाकडे आला.

मी मान वर करून सिनेमात मॅडलीन जिथून पडते तो मनोरा शोधला. तसा मनोरा नाहीच! पूर्वीचा लाकडी मनोरा शूटिंगच्या आधीच उतरवला होता. पडद्यावर जो दिसतो तो चित्रातला, नि जिना स्टुडिओतला. खाली बघताना जिना ताणल्यासारखा होतो, तो शॉट तर जिन्याचं छोटं मॉडेल आडवं ठेवून घेतला. कॅमेरा एकीकडे सरकवायचा आणि त्याच वेळी भिंगानं उलट दिशेला जायचं. खर्च १९,००० डॉलर. हे सगळं चाळीस वर्षं मी ह्यांच्या तोंडून ऐकलंय. इथे मात्र माझं लक्ष ओसरीच्या दगडांवर होतं. उंच टाचांचे ते नावडते काळे बूट घालून किम या मैदानावरून चर्चकडे धावते. खडबडीत जमीन, मध्ये गवत, खड्डे. चपलेतून मला पाच मिनिटं लागली. ही धावली, आणि चेहऱ्यावर भीती, आणि आत ज्यूडीचं मन, आणि बाहेर मॅडलीनचा सूट. एका अंगात तीन बायका, नि कुठे टाका दिसत नाही.

मिशनमागे उतरती जमीन आहे, तिथूनच तो भ्रंश जातो. शेजारच्या कब्रस्तानात इथले हजारो मूळ रहिवासी पुरलेत, बहुतेकांच्या नावाचा दगड नाही. तिथे आम्ही फार बोललो नाही.

परत येताना सॅन होजेत सुनीताला नखं करून घ्यायची होती. ती दर महिन्याला जाते. दुकान व्हिएतनामी बाईचं, आत सात-आठ खुर्च्या, टीव्हीवर कुठलीशी मालिका. आपली पाळी यायला अर्धा तास होता, म्हणून टिप्पीची राहिलेली अर्धी गोष्ट मी तिला इथे सांगितली. मुद्दामच राखून ठेवली होती.

१९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं. निर्वासित कॅलिफोर्नियात आले. सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत टिप्पी स्वयंसेवक म्हणून जायची. या बायकांना पोटापाण्याचं काहीतरी शिकवायला हवं म्हणून तिनं आधी शिवण शिकवणाऱ्या आणल्या, टायपिंग शिकवणाऱ्या आणल्या. बायकांचं लक्ष मात्र हिच्या नखांकडे. मग तिनं आपली नखं करणारी बाई विमानानं बोलावली, एका शाळेत त्यांची सोय लावली. वीसेक बायका शिकल्या, परवाना मिळवला, त्यांनी आणखी बायकांना शिकवलं. आज अमेरिकेत गल्लोगल्ली दिसणाऱ्या व्हिएतनामी नखांच्या दुकानांची सुरुवात तिथे सापडते.

"म्हणजे शिवण हरलं," सुनीता म्हणाली.

ते मला जरा लागलंच.

"आणि ह्या बाईनं पुढे सिंह पाळले," मी विषय बदलला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला तिनं वाघ-सिंहांसाठी अभयारण्य काढलं. पाखरांचा राग कुणावर काढला नाही.

पाळी आली तेव्हा सुनीतानं मलाच पुढे ढकललं. समोरची बाई माझ्याच वयाची असेल. तिला टिप्पी माहीत आहे का, हे विचारावं असं मनात होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना. तिनं माझा डावा हात उजेडात धरला. तर्जनीच्या टोकाला सुईनं टोचून टोचून घट्टा पडलाय, त्यावर अंगठा फिरवला.

"सुईंग?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं स्वतःची तर्जनी पुढे केली. तसाच घट्टा, जरा जुना.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. पुण्यात सकाळचे सात, ह्यांचा चहा झालेला असणार. सुनीतानं फोन काढून माझ्या कानाला लावला.

"मनोरा पाहिलास?" हे विचारत होते. "जिना? कुठे उभी होतीस नेमकी?"

"नंतर सांगते," मी म्हटलं. "आत्ता हात गुंतलेत."